अकराशे त्रेचाळीस गाड्यांची आई

टायर, काच, पत्रा, रंग, बॅटरी, सगळं गाड्यांचंच विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी फ्यूजताईचं वायरिंगचं वर्कशॉप होतं. फ्यूजताई हे नाव तिला समोरच्या टायरवाल्याने दिलेलं. एक तर कुठलाही बिघाड असो, ती सगळ्यात आधी फ्यूज काढून उजेडात धरायची. आणि दुसरं कारण टायरवाल्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "हिचा स्वतःचा दिवसातून चारदा उडतो." गिऱ्हाइकं तोंडावर ताई म्हणायची, पाठीमागे फ्यूजताई. तिला दोन्ही चालायचं.

वर्कशॉप वडिलांचं. त्यांनी बाहेरच्या भिंतीला काळा रंग देऊन तिचा फळा केला होता. एखाद्या नव्या गाडीचं वायरिंग त्यांना उमगलं, की ते खडूने त्या भिंतीवर काढून ठेवायचे, लाल वायर कुठून कुठे, काळी कुठून कुठे. गल्लीतले बाकीचे मिस्त्री येऊन बघून जायचे. "अहो, तुमची विद्या अशी भिंतीवर काय मांडता?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "लपवायला मी काय चोरून आणली आहे?" फ्यूजताई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकली, पदवी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या शेजारी बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहिली. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. वडील गेले, भिंत राहिली.

तिचं मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. एक छोटा बल्ब, दोन वायरी. दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. मध्येच काहीतरी, बहुतेक, कदाचित, असं त्यात नसतं. आणि याच दिव्याने तिला आयुष्यभराची एक खात्री दिली होती: ज्या टर्मिनलला काहीच जोडलेलं नाही, तिथून काहीच जात नाही. रिकामं ते बंद. ही खात्री पुढे तिला चांगलीच महागात पडणार होती.

गाडीच्या बाबतीत इतकी स्वच्छ बुद्धी असलेली ही बाई लेकीच्या बाबतीत मात्र पार शॉर्ट सर्किट होती.

लेक एकुलती. तेवीस वर्षांची. तिला साठ किलोमीटरवरच्या शहरात नोकरी लागली आणि रोज जाण्यायेण्यासाठी घरात चांगली मोठ्या स्क्रीनची, इंटरनेटला जोडलेली गाडी आली. कागदांवर मालक म्हणून फ्यूजताईचं नाव, कारण लेकीला सह्या करायचा कंटाळा. पहिल्या आठवड्यात फ्यूजताईने वाटेत रोज तीन फोन केले. निघालीस का, कुठवर आलीस, पोचलीस का. लेकीने फोन उचलला तर "गाडी चालवताना फोन उचलतेस?" म्हणून ओरडा, नाही उचलला तर "उचलत का नाहीस?" म्हणून ओरडा. शुक्रवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना शिपाई आत येऊन लेकीला म्हणाला, "मॅडम, फाटकाशी एक टोइंगची व्हॅन उभी आहे, त्यातल्या बाई विचारतात तुम्ही नीट पोचलात का."

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती ठरवूनच.

"आई, मी ऑफिसजवळ एक खोली बघितली आहे."

"खोली? कशाला? घर काय चावतं का तुला?"

"घर नाही चावत. फोन चावतो." लेक शांतपणे म्हणाली. "हे बघ, तीस दिवस. वाटेत असताना मला फोन करायचा नाही. माझ्या गाडीला हात लावायचा नाही, बॉनेट उघडून बघायचं नाही. आणि ऑफिसच्या फाटकाशी यायचं नाही. तीस दिवस जमलं तर मी इथेच. एकदा जरी मोडलंस तर खोलीची चावी घेणार."

फ्यूजताईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातल्या भांडणांत कायम विषुववृत्तावर उभा राहायचा, ना इकडे ना तिकडे. तो म्हणाला, "तीस दिवस म्हणजे काय, एक पौर्णिमा ते दुसरी पौर्णिमा."

"तुम्ही गप्प बसा," मायलेकी एकदम म्हणाल्या. त्यातल्या त्यात तेवढं एकमत झालं.

पहिले पाच दिवस फ्यूजताईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. सकाळी आठ ते नऊ वाजून दहा मिनिटं, लेक रस्त्यावर असायची तेवढा वेळ, ती फोन टायरवाल्याकडे ठेवायला द्यायची. "मागितला तरी देऊ नकोस." पाच मिनिटांनी मागायची. तो द्यायचा नाही. मग ती त्याला घालूनपाडून बोलायची आणि नऊ वाजून अकरा मिनिटांनी त्याच्याच हातचा चहा प्यायची.

सहाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तिला बातमी सांगितली. लेकीची गाडी ज्या कंपनीची होती, तिने आपल्या गाड्यांच्या स्क्रीनमागची सगळी यंत्रणा खुली केली होती. दार, सीटचा पट्टा, वेग, पेट्रोल, गाडीच्या आतलं कुठलं यंत्र काय सांगतं आणि ते कसं वाचायचं, सगळं इंटरनेटवर मांडून ठेवलेलं. कुणीही या, वाचा, आपला छोटा प्रोग्रॅम लिहा, आमच्या ऑनलाइन दुकानात ठेवा. गाडीत बसणाऱ्याने स्क्रीनवर हो म्हटलं, की तो गाडीत जाईल.

फ्यूजताईने ती पानं उघडली आणि तिचे डोळे भरून आले. वडिलांची भिंतच होती ती! फक्त खडूऐवजी अक्षरं होती, आणि गल्लीऐवजी सगळं जग येऊन बघत होतं.

आणि मग तिच्या डोक्यात दिवा लागला. फोन करायचा नाही. गाडीला हात लावायचा नाही. फाटकाशी जायचं नाही. कबूल. पण गाडीच जर बोलली तर? गाडी काय बोलते त्याबद्दल कुठे काही ठरलंय?

दोन दिवस ती वर्कशॉपमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. धडे वाचले, चुका केल्या, चुकांना शिव्या घातल्या, पुन्हा लिहिलं. प्रोग्रॅम कसला, पाच-सात अटी होत्या. पट्टा लावला नसेल तर हे बोल. दार अर्धवट लागलं असेल तर ते बोल. हे सगळं तिला मुळीच परकं वाटलं नाही. रिलेच तो, म्हणजे आपोआप पडणारा खटका, फक्त लोखंडाच्या जागी शब्दांचा. मग दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत काचा वर करून ती बसली, म्हणजे टायरवाल्याच्या हवेच्या पंपाचा आवाज येऊ नये, आणि आपल्याच आवाजात वाक्यं भरली.

गाडी सुरू झाली की: "डबा घेतलास का?"

पट्ट्याविना निघाली तर: "बाळा, पट्टा."

दार नीट लागलं नाही तर: "दार लाव बाळा. आपटू नकोस. लाव."

वेग फार झाला तर: "अगं किती जोरात! पाठीला कोण लागलंय का?"

पेट्रोल संपत आलं तर: "घरातून निघतानाच बघायचं असतं हे."

आणि गाडी बंद केली की, जरा मऊ आवाजात: "पोचलीस? बरं."

ते शेवटचं "बरं" तिने अकरा वेळा भरलं. दहा वेळा रडवेलं येत होतं.

दुकानात प्रोग्रॅम ठेवताना एक अर्ज भरायचा होता. त्यात दोन चौकटी होत्या. पहिली, तुम्ही स्वतः ज्या गाडीत हा प्रोग्रॅम पाठवणार त्या गाडीचा नंबर. तिथे तिने लेकीच्या गाडीचा नंबर घातला. दुसरी, याशिवाय कोणत्या गाड्यांना हा प्रोग्रॅम मिळावा. तिथे तिने काहीच लिहिलं नाही. आणखी गाड्या नाहीत, तर लिहायचं काय? टर्मिनल रिकामं, म्हणजे बंद.

वायरिंगच्या जगात ते सोळा आणे खरं. पण त्या अर्जाच्या जगात रिकामी चौकट म्हणजे बंद नव्हे. रिकामी चौकट म्हणजे कुणीही.

कंपनीच्या माणसांनी दोन दिवस प्रोग्रॅम तपासला, धोक्याचं काही नाही म्हणून पास केला आणि सुरक्षिततेच्या कप्प्यात 'नवीन, मोफत' अशी पाटी लावून ठेवून दिला. दहाव्या दिवशी सकाळी फ्यूजताईच्या लॅपटॉपवर 'आजची बेरीज' नावाचं पान जिवंत झालं. प्रोग्रॅम आज काय काय बोलला ते तिथे आकड्यांत दिसायचं. शेजारी 'कोण वापरतंय' असंही एक पान होतं. ते तिने उघडलंच नाही. कोण वापरतंय हे तिला ठाऊकच होतं की!

पहिल्या दिवशी बेरीज अशी: पट्टा तीन वेळा, दार दोन वेळा, अंतर दोनशे चाळीस किलोमीटर.

"दोनशे चाळीस?" ती पुटपुटली. जाऊन येऊन एकशे वीस. मग दुपारी कुठे भटकली ही? जाऊ दे, ऑफिसचं काम असेल. पण तीन वेळा पट्टा सांगायला लागतो म्हणजे काय?

रात्री जेवताना तिने विषय काढला, पण लांबून. सरळ विचारलं तर पितळ उघडं पडेल.

"तुझ्या गाडीचं दार नीट लागतं ना गं?"

"लागतं."

"एकदा लावलं की लागतं?"

"आई, दार एकदाच लावतात."

"नाही, म्हणजे काही माणसं दोन-तीनदा लावतात."

लेकीने बाबांकडे बघितलं. बाबांनी ताटाकडे बघितलं.

"आणि आज गाडीत काही... वेगळं वाटलं?"

"काय वेगळं?"

"कुणी काही म्हणालं का?"

"गाडीत मी एकटी असते. कोण काय म्हणणार?"

फ्यूजताईने मान डोलावली. ऐकते आहे, पण कबूल करत नाही. अगदी माझ्यावर गेली आहे.

बाराव्या दिवशी अंतर सहाशे दहा झालं. पट्टा एकोणीस वेळा. वेग सात वेळा. फ्यूजताईचं जेवणावरून लक्ष उडालं. ही मुलगी पट्टा लावते, काढते, पुन्हा लावते, की काय करते? तेराव्या दिवशी पेट्रोल एका दिवसात नऊ वेळा संपत आलं. नऊ वेळा! तिने नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं आणि सगळा प्रकार सांगून टाकला.

नवऱ्याने चष्मा पुसला. "म्हणजे तू तिच्या गाडीत जाऊन बसली आहेस."

"मी नाही, माझा आवाज."

"तेच ते. तुझ्यात आवाज सोडून बाकी असं कितीसं आहे?"

"थट्टा नको हो! हे बघा, आज तेराशे किलोमीटर."

"तेराशे?" भूगोल जागा झाला. "तेराशे किलोमीटर गेलं तर हवामान बदलतं. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या अंगात स्वेटर होता का?"

फ्यूजताईने त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो उठून वह्या तपासायला गेला.

तीही काही वेडी नव्हती. तेराशे किलोमीटर होत नाहीत हे तिला कळत होतं. कुठेतरी अर्थिंग सैल असणार, आकडा उड्या मारत असणार. पण गाडीच्या पोटात काय चाललंय ते बघायचं तर बॉनेट उघडायला हवं, आणि बॉनेटला हात लावायचा नाही. लेकीला विचारायचं तर भांडं फुटणार. आणि समजा अर्थिंग खरंच सैल असेल तर? वायर तापली तर? चालत्या गाडीत? सत्तावीस वर्षांत तिने जळालेल्या जेवढ्या वायरी बघितल्या होत्या, त्या सगळ्या रांगेने तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

चौदाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिने पान उघडलं.

पट्टा: दोनशे चौदा वेळा. दार: शहाण्णव. वेग: एक्केचाळीस. अंतर: एकोणीसशे बारा किलोमीटर.

आणि खाली शेवटची ओळ. 'पोचलीस? बरं' तीनशे तीन वेळा.

"तीनशे तीन ठिकाणी पोचली!" ती एवढ्या जोरात ओरडली, की समोर टायरवाल्याच्या हातातून ट्यूब निसटली.

"कोण पोचलं?"

"दुकानाकडे बघ जरा!"

"अगं ताई, फोन! तुझा फोन माझ्याकडे आहे, सकाळपासून नेलाच नाहीस!"

तिने फोन हिसकावला, एक सेकंद त्याच्याकडे बघितलं, लेकीच्या नावावर बोट नेलं आणि काढून घेतलं. फोन करायचा नाही. शब्द म्हणजे शब्द. मग ती आपल्या टोइंगच्या जुन्या व्हॅनमध्ये चढली आणि निघाली. कुठे? ऑफिसच्या फाटकाशी. तेही करायचं नव्हतं. पण फोन न करण्यात तिची शब्द पाळायची सगळी ताकद संपली होती.

व्हॅनला ना स्क्रीन, ना इंटरनेट. हॉर्न तेवढा होता, तो तिने सगळ्या रस्त्याला ऐकवला. वाटेत ती स्वतःशीच भांडत होती. आत्ता परत फिर. नाही, नुसती लांबून बघते. लांबून बघणं म्हणजे फाटकाशी येणं नव्हे. फाटकापासून किती लांब असलं म्हणजे फाटकाशी नव्हे? शंभर पावलं? दोनशे? असा सगळा हिशेब चालू असताना तिसाव्या किलोमीटरला व्हॅनच्या काट्याने तळ गाठला आणि तिला पंपावर वळावं लागलं.

पंपावर तिच्या पुढे एक चकचकीत पांढरी गाडी होती. मिशीवाला, सूटबूट घातलेला गृहस्थ टाकी भरून गाडीत बसला. त्याने किल्ली फिरवली.

"डबा घेतलास का?" गाडी म्हणाली.

"घेतला आई, घेतला," मिशीवाला म्हणाला.

"बाळा, पट्टा."

"लावतोय. जरा दम धर."

फ्यूजताईने व्हॅनचं स्टिअरिंग घट्ट धरलं. आपल्याला भास होतोय, उन्हाने होतं असं कधीकधी. तेवढ्यात शेजारच्या रांगेतून लाल गाडी निघाली आणि तिच्या उघड्या काचेतून तिचाच आवाज आला, "दार लाव बाळा. आपटू नकोस. लाव." गाडीतल्या दोन्ही बायका खदाखदा हसल्या आणि त्यांनी दार उघडून पुन्हा लावलं, हळूच.

पेट्रोल भरणारी मुलगी व्हॅनच्या खिडकीशी आली. "किती टाकू?"

"टाकी भर बाळा," फ्यूजताई म्हणाली.

मुलीच्या हातातला पाइप तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"टाकी भर म्हटलं."

"नाही, त्याच्या पुढचं."

"बाळा."

"अगं बाई!" मुलगी मागे वळून ओरडली. "अहो काका, थांबा! या बघा, तुमच्या गाडीतल्या बाई! खऱ्या आहेत! व्हॅनमध्ये बसल्या आहेत!"

पुढचा अर्धा तास त्या पंपावर पेट्रोलपेक्षा हसूच जास्त सांडलं. मिशीवाला गाडी बंद करून आला (गाडी म्हणाली, "पोचलीस? बरं") आणि हात जोडून उभा राहिला. "मला वीस वर्षं पोलीस सांगत होते, बायको सांगत होती, मी पट्टा लावला नाही. तुम्ही दोनदा सांगितलं आणि लावला."

"मग इतकी वर्षं का नाही लावलात?" फ्यूजताई सवयीने कडाडली.

"बघा, बघा! अस्साच आवाज!" तो आनंदाने म्हणाला. "फक्त एक विचारू का? मला 'अगं' का म्हणता?"

एकाने सांगितलं की त्याची म्हातारी आई आता बोलत नाही, म्हणून तो घरापुढे गाडी थांबवून दोनदा बंद-चालू करतो, 'बरं' ऐकायला. मग लाल गाडीतली बाई म्हणाली, "ताई, 'अगं किती जोरात' हे ऐकायला आमचे हे मुद्दाम जोरात चालवतात. त्याचं काहीतरी करा." आणि पुन्हा हशा.

फ्यूजताई व्हॅनच्या पायरीवर बसली. तिने फोनवर ते दुसरं पान उघडलं, जे इतके दिवस उघडलं नव्हतं. 'कोण वापरतंय.'

अकराशे त्रेचाळीस गाड्या.

त्याच्या खाली एकच ओळ वेगळ्या रंगात. लेकीच्या गाडीचा नंबर. त्यापुढे: 'पाठवला आहे. गाडीतून अजून होकार नाही.'

म्हणजे ज्या एका गाडीसाठी सगळा खटाटोप केला, तेवढी एक सोडून बाकी सगळ्या दुनियेला ती ओरडत होती. आणि लेक? लेक आपली रोज साठ किलोमीटर जात होती, साठ येत होती. बहुधा पट्टा लावून. दार एकदाच लावून.

तिला इतकं हलकं वाटलं, की पाय जमिनीला टेकलेले आहेत का ते तिने वाकून बघितलं. आणि तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा.

"आई, तू कुठे आहेस?"

"पंपावर."

"नाही. तू आमच्या साहेबांच्या गाडीत आहेस."

फ्यूजताई पायरीवरून उठून उभी राहिली.

"आम्ही सहाजण क्लायंटकडे निघालो होतो. साहेबांनी गाडी सुरू केली आणि तू विचारलंस डबा घेतलास का. साहेब म्हणाले, ही माझी आवडती बाई. सगळे हसले. मी खिडकीबाहेर बघत बसले. मग साहेबांनी वेग वाढवला आणि तू म्हणालीस, अगं किती जोरात. आई, तिथे पाच माणसं तुझी नक्कल करत होती!"

"तू त्यांना सांगितलंस?"

"काय सांगू? की ही साहेबांना ओरडते ती माझी जन्मदात्री आहे?" मग तिचा आवाज बदलला. "एक मिनिट. कुठल्या पंपावर?"

खोटं बोलणं सोपं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर पण पंप होता. "अर्ध्या वाटेवरच्या," फ्यूजताई म्हणाली.

"म्हणजे येत होतीस."

"येत होते. आले नाही. आता परत फिरणार आहे."

मागे पंपावर कुणाची तरी गाडी म्हणत होती, घरातून निघतानाच बघायचं असतं हे.

"संध्याकाळी बोलू," लेक म्हणाली आणि फोन बंद झाला.

फ्यूजताई घरी आली. नवऱ्याने आकडा विचारला, तिने सांगितला. तो म्हणाला, "अकराशे त्रेचाळीस लेकरं? आपल्याला मोठं घर बघावं लागेल." तिला हसू आलं नाही. लेकीची येण्याची वेळ साडेसहा. साडेसहा झाले, सात झाले. पावणेआठला दार वाजलं.

लेक आत आली, बूट काढले, पाणी प्यायली. मग खुर्चीवर बसून म्हणाली, "खोलीच्या मालकीणबाईंकडे जाऊन आले."

"चावी घेतलीस?" फ्यूजताईने विचारलं.

"घेणार होते. अर्धा शब्द मोडलास ना? म्हटलं, निदान अर्धा महिना तरी जाऊन राहू. बाई म्हणाल्या, चल, माझ्या गाडीतून जाऊ, खोली पुन्हा एकदा नीट बघून घे. मी गाडीत बसले, दार लावलं." ती थांबली. तिचे ओठ थरथरायला लागले. रडतेय की काय म्हणून फ्यूजताई अर्धी उठली. "आणि तू म्हणालीस, दार लाव बाळा. आपटू नकोस. लाव."

आणि लेक फुटली. हसून हसून खुर्चीवरून घसरली. बाबा हसले, फ्यूजताई आधी घाबरत, मग पोट धरून हसली.

"तिथेही तूच!" लेक जमिनीवरूनच म्हणाली. "साठ किलोमीटर लांब जाऊन तुझ्याच हाताखाली राहायचं, तर इथलं जेवण काय वाईट आहे?"

हसणं ओसरल्यावर ती आईच्या पायाशी तशीच बसून राहिली. मग डोकं वर न करता म्हणाली, "पण माझ्या गाडीत का नाही गं?"

"पाठवलं होतं की! तुझ्या स्क्रीनवर रोज विचारत असेल."

"ते? ते मी रोज 'नंतर' दाबते. मला वाटलं जाहिरात आहे." मग जरा फुरंगटून, "सगळ्या जगाला बाळा म्हणतेस. मला सोडून."

फ्यूजताईने लॅपटॉप ओढला. एक ओळ लिहायची होती, तिला तेवढं आता येत होतं. लेकीच्या गाडीत प्रोग्रॅम बोलेल, पण तिथून एकही आकडा परत येणार नाही. पट्टा नाही, दार नाही, अंतर नाही. "हे बघ," ती म्हणाली, "जाणारी वायर ठेवली. येणारी तोडली."

"नक्की?"

"टेस्ट लॅम्प लावून बघ."

बाकीच्या गाड्यांसाठी तिने त्याच आठवड्यात वेगमर्यादा मोडणाऱ्यांसाठीचं वाक्य बदललं, कारण लाल गाडीवाल्या बाईचे 'हे' सुधारेनात. नवं वाक्य नवऱ्याच्या आवाजात होतं, भूगोलाच्या तासासारखं सपाट. त्यानंतर कुणी मुद्दाम जोरात चालवली नाही. आणि तो सगळा प्रोग्रॅम, एकेक अट, तिने वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला. कुणाला घ्यायचा असेल त्याने घ्यावा.

पंधराव्या दिवशी सकाळी आठला लेक गाडीत बसली. स्क्रीनवर प्रश्न आला. तिने वळून आईकडे बघितलं आणि बोट 'हो'वर टेकवलं.

"डबा घेतलास का?" गाडी म्हणाली.

लेक खाली उतरली, घरात गेली, डबा घेऊन आली.

गाडी वळणापलीकडे गेली. फ्यूजताई वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. बघायला आता पान नव्हतं. सव्वाआठला टायरवाला म्हणाला, "फोन ठेवायला देतेस ना?"

"नको. राहू दे."

नऊ वाजून दहा मिनिटं झाली. सव्वानऊ झाले. तिने एका गाडीचे सगळे फ्यूज काढून पुसून पुन्हा लावले, ज्यांना काहीही झालं नव्हतं. नऊ वाजून सतरा मिनिटांनी फोनवर दोन शब्द उमटले, न मागता, न विचारता.

'पोचले. बरं?'

तिने ते टायरवाल्याला दाखवले. त्याने चष्मा कपाळावर नेऊन वाचले. "रोज येणार का हे?"

"छे! तिला वाटलं तर. मी कुठे सांगितलंय?" फ्यूजताई म्हणाली, आणि फोन एप्रनच्या खिशात ठेवता ठेवता, "उद्या नाही आलं ना, तर बघते तिच्याकडे."